स्वमग्न मूल आणि आपली मंडळी

शास्त्रवाचन : मार्क २:१–१२, योहान ९:१–३
पाठाचा उद्देश : स्वमग्न मुलाची ओळख करून घेणे, आणि त्याच्यासाठी वर्गात व मंडळीत काय बदलता येईल हे ठरवणे.



हा पाठ आम्ही एका कबुलीने सुरू करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथ शाळेत सहा वर्षांचा एक मुलगा येत असे. नाव घेऊन हाक मारली तरी तो वळून पाहत नसे. गोष्ट चालू असता बाकाखाली जाऊन बसे, नाहीतर पंख्याच्या फिरत्या पात्यांकडे टक लावून उभा राही. नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालू असताना एका रविवारी लाउडस्पीकर एकाएकी कर्कश वाजला. मुलाने कानांवर हात दाबून किंकाळी फोडली, ती थांबेना. आम्ही त्याच्या आईला म्हणालो, "ताई, याला जरा शिस्त लावा. तोवर बाहेर घेऊन बसा."

ती बाहेर गेली. त्यानंतर आठ महिने ते कुटुंब उपासनेला आले नाही. त्यांचा विश्वास थंडावला असे आम्ही आपसांत बोललो. अखेर पाळकसाहेबांबरोबर आम्ही त्यांच्या घरी गेलो. अर्धा तास झाला असेल, तोच तो मुलगा समोर आला आणि हुबेहूब पाळकसाहेबांच्या सुरात म्हणाला, "आशीर्वादासाठी उभे राहू या." आम्ही चकित झालो. त्याची आजी हसून म्हणाली, "तुमची जायची वेळ झाली, असं सांगतोय तो. मंदिरात हे वाक्य झालं की सगळे घरी जातात ना!"

ज्याला काही कळत नाही असे आम्ही धरून चाललो होतो, तो सारे ऐकत होता. स्वतःचे शब्द जुळत नव्हते म्हणून त्याने आमचेच वाक्य उसने घेतले होते. त्याची ती किंकाळीही बोलणेच होती; आम्ही ती ऐकली नव्हती.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात, त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात डॉ. हान्स आस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने होते, त्यामुळे मूल जग वेगळ्या रीतीने अनुभवते. हा साथीचा रोग नव्हे, भूतबाधा नव्हे, आणि वेडही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न होते. मुलांत ती अधिक आढळते. मुलींत पुष्कळदा ओळखूच येत नाही.

सर्व स्वमग्न मुले सारखी नसतात. एखादे मूल मुळीच बोलत नाही. एखादे पुस्तकी भाषेत अखंड बोलते, पण समोरचा कंटाळला हे त्याला उमगत नाही. तरी काही खुणा पुष्कळांत दिसतात : हाकेला ओ न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, ऐकलेली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणणे, वस्तू ओळीत मांडणे, हात फडफडवणे, नेहमीचा क्रम बदलला की बेचैन होणे. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांपैकी एखादी गोष्ट आपल्याला सहज सोसते, तीच त्यांना असह्य होते.

दोष कोणाचा?

योहानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. तरी तोच प्रश्न आपल्या ओट्यांवर आजही विचारला जातो.

विद्वानांनीही तो विचारला होता. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज विसाव्या शतकाच्या मध्याला मोठमोठ्या डॉक्टरांनी पसरवला, आणि हजारो मातांनी ते ओझे विनाकारण वाहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, त्या समजाविरुद्ध ग्रंथ लिहिला. आज स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे सिद्ध झाले आहे. लसीमुळे स्वमग्नता येते, ही भीती १९९८ साली बारा मुलांवरील एका लेखातून पसरली. तो लेख २०१० साली त्या नियतकालिकानेच मागे घेतला. म्हणून आईच्या वागण्यात, लसीत किंवा कुणाच्या पापात कारण शोधू नये.

छप्पर कोणी उघडले?

आता मार्काच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळू. पक्षाघाती मनुष्याला आत न्यायचे होते. पण दाराशी गर्दी होती. चौघांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले. आम्ही हा भाग "प्रार्थना करा म्हणजे मूल बरे होईल" असे सांगण्यासाठी घेतलेला नाही. आमचे लक्ष त्या चौघांकडे आहे. आजाऱ्याने गर्दीतून वाट काढावी अशी अपेक्षा त्यांनी केली नाही. त्यांनी घरात वाट केली. आमच्या वर्गात आम्ही नेमके उलट केले होते.

मग वर्गात काय करावे? आम्ही जे करून पाहिले ते येथे देतो.

१. क्रम चित्रांत दाखवावा. एका पुठ्ठ्यावर गीत, गोष्ट, रंगकाम व आशीर्वाद अशी चार चित्रे लावावी. एक भाग संपला की ते चित्र उलटे करावे. पुढे काय होणार हे कळले की मुलाची भीती कमी होते.

२. आवाज कमी करावा. लाउडस्पीकरपासून दूर, दाराजवळची जागा द्यावी, आणि नको वाटल्यास बाहेर जाण्याची मोकळीक द्यावी. ही मोकळीक म्हणजे शिक्षा नव्हे, हे त्याला व आईवडिलांना आधीच सांगावे.

३. थोडे आणि सरळ बोलावे. "येशूला हृदयात घे" असे म्हटले तर काही मुले छातीकडे पाहू लागतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजावे. उत्तर यायला वेळ लागतो.

४. "माझ्या डोळ्यांत बघ" असा आग्रह धरू नये. इकडेतिकडे पाहत असतानाही मूल ऐकत असते. हात फडफडवल्याने कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवू नये.

५. प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी विचारावे. प्रेमाचा स्पर्शही काही मुलांना टोचतो.

६. आकांत हा हट्ट नव्हे. हट्ट करणारे मूल आपल्याकडे पाहून काहीतरी मागते. आकांत करणाऱ्या मुलाचे सोसणे संपलेले असते. अशा वेळी उपदेश करू नये. आवाज आणि माणसे कमी करावी. मूल शांत झाल्यावर, आधी काय घडले होते ते वहीत टिपावे. चार रविवारच्या नोंदी वाचल्या की कारण बहुधा सापडते.

घरची भाषा सोडू नका

बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. घरी मराठी आणि शाळेत कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी, असे आपल्याकडे असतेच. मूल बोलत नाही असे दिसले की कोणीतरी सल्ला देतो की मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. संशोधनाने या सल्ल्याला पुष्टी दिलेली नाही. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक लांबत नाही. उलट घरची भाषा तोडली तर मूल आजीपासून तुटते, आणि गीतांपासून व उपासनेपासूनही. त्या मुलाचे उसने वाक्य मराठीच होते, हे विसरू नये.

आईवडिलांसाठी

"मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. वर्षाचे मूल हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि मुलाचे कानही तपासून घ्या. वाचा-उपचार व ऑक्युपेशनल थेरपी यांचा उपयोग होतो, आणि जितक्या लवकर सुरुवात तितके बरे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. स्टेम सेलच्या नावाने मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहा. त्या उपचाराला शास्त्राचा आधार नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाण चाळीस टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला मिळाला, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्यामागे याचे कोण?" हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री छळतो. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

मंडळीचे काम

अशा घराला सल्ल्यांची वाण नसते, मनुष्यबळाची असते. महिला मंडळातील दोघींनी आठवड्यातून दोन तास मुलापाशी बसावे, म्हणजे आईला बाजारात किंवा नुसते झोपायला सवड मिळेल. लग्नाच्या आमंत्रणातून त्या घराला वगळू नये. भावंडांची विचारपूस करावी. ती पुष्कळदा मुकाट्याने मोठी होतात. आणि या मुलात एखादी असामान्य कला असेलच, असे गृहीत धरू नये. असली तर आनंद; नसली तरी मंडळीतली त्याची जागा कमावण्याची नाही, ती त्याचीच आहे.

तो मुलगा आता पुन्हा येतो. दाराजवळ बसतो. चित्रांचा पुठ्ठा स्वतः उलटा करतो. काही रविवारी दहा मिनिटांतच उठून जातो, आणि आई त्याच्यामागे जाते. पण आता आमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर बाहेर बसतो. पहिल्या वेळी ती म्हणाली, "तुम्ही कशाला आलात? तुमची उपासना चुकेल." आम्ही म्हणालो, "ताई, ती मागेच चुकली होती."

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतून एखादे कुटुंब मुलाच्या वागण्यामुळे येईनासे झाले आहे काय? त्यांच्या घरी कोण व कधी जाईल?
२. आपल्या वर्गात कोणता आवाज, गर्दी किंवा घाई कमी करता येईल?
३. इतर मुलांना या मित्राविषयी सोप्या शब्दांत काय सांगाल?
४. त्या चौघांपैकी एक होण्यासाठी या महिन्यात आपण कोणते एक काम अंगावर घ्याल?