‘तुला दूधच नाही’ असं कोणी म्हणालं तर

माझ्या अंगावर दूध नव्हतं, अशी नात्यात माझी ख्याती आहे. मुलगी शाळेत जायला लागली तरी आत्याबाई लग्नकार्यात माझ्यादेखत सांगतात, “हिला बिचारीला दूधच आलं नाही हो.” म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. एखादीला उपयोग झाला तर झाला.

ही ख्याती मला मिळाली सिझरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. सिस्टर आली, बोंड चिमटीत धरून दोनदा दाबलं. काही आलं नाही. “मॅडम, तुम्हाला दूध नाहीये,” म्हणून गेली ती पावडरची बाटली घेऊनच परत आली. मला विचारायची पद्धत नसावी. पोरीने तीस मिली घटाघटा संपवलं, चार तास झोपली आणि खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. बघा, उपाशी होती! संध्याकाळी राउंडला डॉक्टर आले, फाइलमधून मान वर न काढता “वरचं चालू ठेवा” म्हणाले. मुलगी तोंडात कसं धरते, हे बघायला एक माणूस वाकला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईकडे दूध नसतंच, चीक असतो. दाट, पिवळसर, थेंबाथेंबाने येणारा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला २ ते १० मिली चीक पुरतो, दुसऱ्या दिवशी ५ ते १५. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं, तेव्हा कुठे दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाव मिळतो, आणि छाती भरून यायला दोन-तीन दिवस जातात. सिझर असेल तर कधी कधी थोडं जास्तच. हे त्या सिस्टरला माहीत असायला हवं होतं. तिचं ते रोजचं काम होतं. घरच्यांचं तर काय बोलावं! खरवसासाठी गवळ्याला आठवडाभर आधी चीक सांगून ठेवणारी माणसं ही.

आणि बोंड दाबून दूध आहे की नाही ते कळतं, हे कुणी ठरवलं? ॲस्टली कूपर नावाच्या इंग्रज सर्जनने १८४० मध्ये मृतदेहांचं विच्छेदन करून स्तनाची चित्रं छापली. पुढे दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत बोंडामागे दूध साठवणारे फुगीर कप्पे दाखवत राहिले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी पाजणाऱ्या बायकांची सोनोग्राफी केली, तेव्हा हे कप्पे सापडलेच नाहीत. पंधरा-वीस म्हणून शिकवलेल्या नळ्याही सरासरी नऊच निघाल्या. दूध असतं ते आत खोल, द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्यांत. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, पिशव्यांभोवतीच्या स्नायुपेशी आवळतात आणि दूध नळ्यांत उतरतं. हाच पान्हा. भीती, वेदना, लाज यांनी तो अडतो. पोटाला ताजे टाके, खोलीत दिराचे मित्र, आणि अनोळखी बाईची चिमूट! यात कोणाला पान्हा फुटेल?

घरी आल्यावर रात्री छाती दगड झाली. काखेपर्यंत ठणका, ताप आल्यासारखं अंग, बोंडाभोवतीचा काळा भाग ताणून सपाट झालेला, मुलीच्या तोंडात काही येईना. ती किंचाळत होती. दवाखान्यात फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, “पिळून टाका, पावडर चालूच ठेवा.” फोन ठेवला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काय पिळून टाका? मला तर दूधच नव्हतं ना? दोन दिवसांपूर्वी ज्या बाईला कोरडी ठरवलं, तिच्या अंगात आता टाकून देण्याइतकं होतं, आणि तरी डबा सुरूच ठेवायचा होता. त्या रात्री रडले ती दुखण्याने नाही, रागाने.

मग खरंच दूध कमी झालं. होणारच. पिशव्या तुंबल्या की त्यांतल्या पेशीच काम मंद करतात. रिकाम्या होतात तेवढ्या जोराने पुन्हा भरतात. बाळ डब्यावर, तर शरीराने कोणासाठी बनवायचं? आत्याबाईंनी निदान केलं, “हिची छातीच लहान.” लहान-मोठेपणा मुख्यतः चरबीचा असतो, दूध ग्रंथींत बनतं. हे मी त्यांना सांगितलं आहे, उपयोग नाही.

दीड महिन्याच्या लसीला मनपाच्या दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या वयस्क सिस्टरबाईंनी पहिल्यांदा मला बसवून विचारलं, “रात्री पाजतेस का गं?” त्यांनी मुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, आ वासेपर्यंत थांबवलं, आणि नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात दिला. हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. मुलगी गटगट गिळायला लागली. आधी अंगावर, मग लागेल तेवढंच वरचं, तेही वाटी-चमच्याने, असं करत पावडर उतरत गेली. संध्याकाळचं एक पाजणं शेवटपर्यंत वरचंच राहिलं. ते माझ्या खात्यावर कोणी मांडू नये.

आता ज्यांना दिवस राहिलेत त्यांच्यासाठी. नाव घालतानाच विचारा, सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळ छातीशी देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, पंपात किती आलं त्यावरूनही नाही. पाचव्या दिवसापासून रोज सहा तरी ओली दुपटी, शी पिवळी, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर गाठा. छाती तटतटली तर बोंडाभोवती बोटांनी थोडं दाबून, थोडं पिळून तो भाग मऊ करा, मग पाजा. लाल चट्टा आणि ताप असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. रात्रीचं पाजणं सोडू नका, प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी आवडीने खा, पण बाळाने ओढल्याशिवाय लाडवाने दूध येत नाही. पाणी प्या, झोपा, आनंदी राहा वगैरे सगळे सांगतातच.

काहींना खरोखर कमी येतं. थायरॉइड, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा अशी कारणं असतात. त्यांनी तपासण्या कराव्यात आणि पावडर देताना शरमू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दूधपेढीही असते. मुंबईत सायनच्या रुग्णालयात ती १९८९ पासून आहे.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर मात्र कारण नव्हतं, डब्याच्या नावाचा शिक्का होता. बाळाच्या पावडरची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यात तिचे फलक, या सगळ्याला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा कोणी डबा पुढे केला की विचारा, वजन किती टक्के उतरलं? बाळाच्या रक्तातली साखर किती आली? आकडा कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला कोणी तयार नसेल तर डबा उघडायच्या आधी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा.