पांडवकडा : काळा फत्तर व पाण्याचा लोंढा

नवी मुंबईतील खारघरच्या डोंगरांत पांडवकडा नांवाचा धबधबा आहे. त्याची उंची सुमारें १०७ मीटर. वनवासांत पांडव येथें आले होते, अशी लोकांची समजूत आहे. परंतु कड्याची कथा त्याहूनहि पुष्कळ जुनी आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला व थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा, असे थरांवर थर चढून दख्खनचें पठार घडलें. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. ठिसूळ भाग पाण्यानें लवकर झिजतो, कठीण भाग कडा होऊन उभा राहतो.

घरीं एक प्रयोग करा. एक तांब्या पाणी काळ्या दगडावर ओता व एक बागेंतील कोरड्या मातींत. माती पाणी पिते. दगडावरून तें तत्काळ वाहून जातें. डोंगरावर हेंच घडतें. माथ्यावर सर कोसळली कीं थोड्याच वेळांत ओढा फुगतो. पायथ्याशीं पाऊस नसतांहि लोंढा येऊं शकतो. २०१९ सालीं ऑगस्ट महिन्यांत ह्याच परिसरांत चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. पावसाळ्यांत तेथें जाण्यास मनाई केली जाते, तिचें कारण हेंच.

म्हणून पांडवकडा अवश्य पाहावा, पण खारघरच्या रस्त्यावरून, दुरून. ज्या फत्तरानें तो रम्य केला, त्यानेंच तो भयंकरहि केला आहे, हें पालकांनीं मुलांस समजावून सांगावें.