आधी पोहणं, मग जेवण

नाताळ जवळ आला की, आणि मग पुन्हा मे महिन्यात, औषधांची चिठ्ठी हातात घेता घेता एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, गोव्याला चाललोय. ग्रँड आयलंडची बोट बुक केलीय. बाबांना नेलं तर चालेल ना?" बाबा शेजारच्याच खुर्चीत असतात. वय अडुसष्ट-सत्तर, बीपीची गोळी चालू, साखरेचीही चालू, आणि जायची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असते. माझं उत्तर बहुतेक वेळा "न्या" असंच असतं. पण त्यापुढे जे सांगायचं असतं ते बाहेर रांग असताना नीट सांगून होत नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ही सहल केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास कोको बीच किंवा सिकेरीहून बोट सुटते. आग्वादच्या किल्ल्याखालून जाताना, मांडवीच्या मुखाशी नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. पुढे झुआरीचं मुख ओलांडून मुरगावच्या टोकापलीकडच्या बेटाच्या आडोशाला नांगर पडतो. तिथे तासभर पाण्यात, तोंडाला मास्क लावून मासे बघणं. मग बोटीवरच जेवण : भात, माशाची कढी, चिकन, सॅलड. बऱ्याच बोटींवर बिअरही त्याच पैशांत मिळते. दोन-तीनपर्यंत परत. मालवण-तारकर्लीच्या सहलींचं स्वरूपही साधारण असंच असतं, म्हणून पुढचं सगळं तिथेही लागू आहे.

या अर्ध्या दिवसात आपण काय करतो यापेक्षा कशानंतर काय करतो हे महत्त्वाचं आहे. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी समुद्र बराच शांत असतो. दुपारकडे जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उभ्या राहू लागतात. म्हणजे जाताना जो समुद्र मऊ वाटला, तोच परतताना बोट आपटायला लागतो. नेमक्या त्याच वेळी पोटात भरपेट जेवण असतं, डोक्यावर ऊन असतं आणि काहींच्या पोटात बिअर. संध्याकाळी माझ्याकडे उलट्यांनी गळून आलेली जी मंडळी येतात, त्यांना बोट लागलेली असते ती बहुतेक परतीच्या वाटेवर.

म्हणून क्रम असा ठेवा. सकाळी निघण्याआधी हलका नाश्ता : दोन इडल्या, थोडे पोहे, एखादं केळं. उपाशी पोटी बोट जास्त लागते, त्यामुळे "उलटी होईल म्हणून काही खाल्लंच नाही" हा उपाय नव्हे. बेटापाशी पोचलात की आधी पोहणं. जेवण त्यानंतर, आणि तेही अर्ध्या पोटी. राहिलेली भूक किनाऱ्यावर भागवा. जेवून पोहलं की पोटात पेटके येऊन माणूस बुडतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याला भक्कम पुरावा नाही. पण भरल्या पोटी लाटांवर हेलकावत, तोंडात स्नॉर्केलची नळी असताना उलटी झाली, तर ती थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दारूबद्दल मी कुठलीही सवलत देणार नाही. पाण्यात उतरणाऱ्याने पाण्याआधी एक थेंबही घ्यायचा नाही. दारूने अंदाज चुकतो, तोल जातो, अंगातलं पाणी कमी होतं, आणि भीती वाटायला हवी तिथे ती वाटत नाही. जगभर बुडून झालेल्या मोठ्यांच्या मृत्यूंत दारूचा हात वारंवार आढळतो. पोहून झाल्यावर घेतलेली बिअरही निरुपद्रवी नाही, कारण हलत्या बोटीच्या शिडीवरून उतरून गुडघाभर पाण्यातून किनारा गाठायचा असतो.

बोट लागण्याबद्दल आणखी थोडं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं यंत्र आहे. ते सांगतं, तू हलतोयस. डोळे मोबाईलच्या पडद्यावर असले तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन उलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. त्यामुळे मोबाईल खिशात ठेवून क्षितिजाकडे किंवा दूरच्या डोंगराकडे बघत राहणं हा खरोखरीचा उपचार आहे. बोटीच्या मध्यभागी बसा, तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात. डिझेलच्या वासापासून दूर राहा. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना, गरोदर बायकांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. गोळी घ्यायची तर ती बोटीत बसण्याआधी तास-दोन तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीबरोबर बाहेर पडते. अव्होमिनसारख्या गोळ्या कामाच्या आहेत, पण त्यांनी झोप येते, आणि दारूबरोबर ती गुंगी फार वाढते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, मुलांनाही विचारल्याशिवाय देऊ नयेत; दोन वर्षांखालच्या बाळाला तर मुळीच नाहीत. उलटीवर आपण एरवी जी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी देतो, ती बोट लागण्यावर फारशी चालत नाही.

आता बाबांकडे वळू. त्यांची सकाळची साखरेची गोळी ग्लिमेपिराइडच्या गटातली असेल, किंवा ते इन्सुलिन घेत असतील, तर रोज साडेबाराला जेवणारा हा माणूस बोटीवर उशिरा जेवतो, आणि मधल्या वेळात पोहतोही. साखर उतरायला आणखी काय लागतं? घाम, पांढरा पडलेला चेहरा, मळमळ, हात थरथरणं. सगळे म्हणतात बोट लागली, आणि त्यांना आडवं करून वारा घालतात. ही गफलत जीवावर बेतू शकते. मधुमेह्याला बोटीवर घाम फुटला तर आधी साखर तपासा. मशीन नसेल तर तपासणीची वाट न बघता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, किंवा अर्धी बाटली साधं कोल्ड्रिंक, डाएट नको. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. सकाळच्या गोळीचं प्रमाण त्या दिवसापुरतं बदलायचं का, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि पायांत पकडीचे सँडल हवेत. बेटाच्या खडकांना चिकटलेली कालवं पात्याइतकी धारदार असतात. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पाय चिरलेला संध्याकाळी मोजा काढतानाच कळतो.

पाण्यात उतरावं का, हा बाबांचा दुसरा प्रश्न. गळ्यापर्यंत पाण्यात गेलं की पायांतलं आणि पोटातलं रक्त पाण्याच्या दाबाने छातीकडे ढकललं जातं. अर्धा लिटरहून अधिक. पाण्यात उतरल्यावर लघवीला लागते ती बरीचशी यामुळेच. निरोगी हृदय हा भार सहज पेलतं. कमजोर हृदयाला मात्र हा भार, त्यात स्नॉर्केलच्या नळीतून श्वास ओढण्याचे श्रम आणि थोडी धास्ती, हे सगळं एकदम जड जातं. माझी साधी कसोटी अशी : दोन मजले न थांबता, छातीत न भरता चढता येतात का? नसतील येत, किंवा गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक वा अँजिओप्लास्टी झाली असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर बोटीवर बसून समुद्र बघा, पाण्यात उतरू नका. अपस्मार असलेल्यांना आणि दम्याचा त्रास सध्या वर असलेल्यांनाही माझं हेच सांगणं आहे. वयस्कर माणसांना, विशेषतः हाडं ठिसूळ झालेल्या आजींना, वेगाने जाणाऱ्या बोटीच्या पुढच्या टोकाला कधीही बसवू नका. लाटेवरून बोट आपटते तेव्हा सगळा हिसका कण्यावर येतो आणि मणका दबून मोडू शकतो. गरोदर असाल तर ही सहल पुढच्या वर्षी करा.

बायकांना मला वेगळं सांगायचं आहे. छोट्या बोटींवर संडास नसतो. त्यामुळे घरातल्या बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. सकाळचा चहासुद्धा अर्धाच कप. भर दुपारी दोनपर्यंत उन्हात, वाऱ्यात आणि खाऱ्या हवेत बसल्यावर डोकं ठणकतं, चक्कर येते, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मला वाईट वाटतं, कारण इथे चूक बायकांची नसते. बुकिंग करतानाच, बोटीवर संडास आहे का, हे घरातल्या पुरुषाने स्पष्ट विचारावं. नसेल तर निघण्याआधी दीड-दोन तास भरपूर पाणी प्या, बोटीत चढण्यापूर्वी जाऊन या, आणि मग तासातासाला घोट-दोन घोट घेत राहा. घशाला कोरड पडेपर्यंत थांबू नका. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती कधी घ्यायची, हेही आधी विचारून ठेवा. त्यातल्या काही गोळ्यांनी आणि डॉक्सीसायक्लिनने उन्हात कातडी फार लवकर भाजते. आमच्याकडे सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने डॉक्सी अनेकांच्या ओळखीची आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी हे कुठल्याही सनस्क्रीनपेक्षा खात्रीचं. सनस्क्रीन लावलंत तर दर दोन तासांनी आणि पाण्यातून वर आल्यावर पुन्हा लावा.

लाईफ जॅकेटचं आता कोणाला वेगळं सांगायला नको, असं वाटत होतं. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोघे गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर आठवडाभरातच कळंगुटला बोट उलटून एक जण दगावला. तरीही फोटोसाठी जॅकेट काढणारे दिसतातच. जॅकेट अंगात हवं, सगळे बक्कल लावलेले हवेत, आणि खांद्यांशी धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसू नका, पैसे गेले तरी चालतील.

विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेल्यांनी हे लक्षात घ्यावं की समुद्रात ओढ असते, आणि पाय टेकवायला तळ नसतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, आवाज नाही. अर्ध्या-एका मिनिटात तो खाली जातो. तुमच्यातल्या एकाने पाण्यात न उतरता, फोन बाजूला ठेवून, आपली डोकी मोजत बसायचं. आळीपाळीने बसा, पण कोणीतरी बसाच.

कोणाला बेशुद्ध बाहेर काढलंच, तर पोट दाबू नका, उलटं लटकवू नका. श्वास चालत नसेल तर मान किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून, आधी तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. बुडण्यात शरीराला हवा कमी पडलेली असते, म्हणून इथे श्वास आधी. समुद्रावरून मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनाऱ्यावर १०८ हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा. पाणी नाकातोंडात जाऊन खोकला थांबत नसेल, तर तो माणूस हसत-बोलत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, लघवी तर नकोच. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने काढा, आणि किनाऱ्यावर आल्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तो भाग बुडवून ठेवा. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण तिथे डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. काट्याचा तुकडा आत राहतो.

बोटीवरच्या जेवणात मी भात आणि मासा दोन्ही नीट बघून घेते. सकाळी सातला शिजवून डब्यात भरलेलं अन्न एक वाजता उघडलं जातं, त्या उकाड्यात सहा तास फार झाले. डब्यातून वाफ येत असेल तर जेवा. कोमट भात, मेयॉनेज घातलेलं सॅलड आणि नारळाच्या दुधाची सोलकढी सोडून द्या. बांगडा किंवा सुरमई पकडल्यावर बर्फात नीट ठेवली नसेल, तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालभडक होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. पुष्कळ जण आयुष्यभर "मला माशाची ॲलर्जी आहे" असं समजून बसतात ते अशा एका जेवणामुळे.

शेवटचं, घाटमाथ्यावरच्या वाचकांसाठी. बेटापाशी स्नॉर्केलिंगऐवजी सिलिंडर लावून स्कुबा केलं असेल, तर त्याच दिवशी विमान पकडू नका. एकदाच डाइव्ह केलं असेल तरी किमान बारा तास, सलग दोन-तीन दिवस केलं असेल तर अठरा तास जाऊ द्या. उंची गाठायला विमानच लागतं असं नाही : घाटातली आंबोली साधारण सातशे मीटरवर आहे. कोल्हापूर-बेळगावची मंडळी संध्याकाळी थेट गाडीने घाट चढतात, तेव्हा त्यांनाही हाच नियम लावा आणि ती रात्र खालीच काढा. घाटात सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर झोपून उतरेल अशी वाट न बघता गाडी वळवून खाली या आणि डॉक्टरांना स्कुबा केल्याचं आधी सांगा.