आधी सल्ला, मग सुतार

कोथरूड, पुणे

चि. मनू हिस,


स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत पाडायची ठरवलीस आणि सोमवारी सुतार येतोय, हे तुझ्या आईकडून कळलं. बेत चांगला आहे, क्रम चुकतोय. सुताराआधी सल्लागार गाठ आणि सल्ल्याचे पैसे वेगळे मोज.

शोरूमवाले नकाशा फुकट काढून देतात म्हणे. त्यांचं पोट कपाटांवर असतं, म्हणून भिंतभर कपाटं दाखवणार. ‘इथे काही करू नका’ असं सांगणं ज्याला माल खपवायचा नाही त्यालाच परवडतं. आर्किटेक्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असावी लागते. नंबर विचारायला संकोच नको. इंटिरिअर डिझायनरला तसं बंधन नाही. तेव्हा त्याने केलेलं, चार-पाच वर्षं वापरातलं एखादं स्वयंपाकघर बघ आणि तिथे रोज रांधणाऱ्या माणसाशी बोल.

आता भिंत. तुमची इमारत जुनी, तीन मजली. त्या काळी पुण्यात अशा कितीतरी इमारती लोडबेअरिंग बांधल्या गेल्या, म्हणजे स्लॅबचं ओझं थेट विटांच्या भिंतींवर. दाराच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी बघ. प्लॅस्टर धरून पाच-सहा इंच भरली तर ती बहुधा नुसती आडभिंत. दहा-अकरा भरली तर तिचा नाद सोड. पण हा झाला आपला अंदाज. महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर लेखी देत नाही आणि सोसायटीचं पत्र हातात येत नाही, तोवर घण उचलायचा नाही. पाइप गॅसची जोडणी सरकवायची तर एमएनजीएल या गॅस कंपनीला कळव, प्लंबरला हात लावू देऊ नकोस. आणि सिंक हलवताना ते खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर येत नाही ना, तेही नकाशात तपासून घे.

सल्लागाराला आवडलेल्या स्वयंपाकघरांचे फोटो दाखवण्याआधी घरी स्वयंपाक कसा चालतो ते सांग. गॅस, सिंक आणि फ्रीज यांच्यातल्या तिन्ही अंतरांची बेरीज तेरा ते सव्वीस फूट असावी, असा एक ठोकताळा आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेलं स्वयंपाकघर तर पावलं वाचवण्याच्या हिशेबानेच जेमतेम सहा-सव्वासहा फूट रुंद ठेवलं होतं. पण ते एकटीने काम करणाऱ्या बाईसाठी होतं. तुमच्याकडे सकाळी तू डबे भरतेस तेव्हाच सासूबाई कुकर लावतात. दोघींना पाठीला पाठ न लागता वावरता आलं पाहिजे, हे आधी सांग.

ओट्याची उंचीही छापील घेऊ नकोस. भाजी चिरताना कोपरापासून चार इंच खाली हात टेकला की खांदे आखडत नाहीत. पोळ्यांना मात्र पोळपाटाची उंची वर चढते, शिवाय लाटण्यावर जोर वरून द्यायचा असतो. म्हणून ओट्याचा हातभर तुकडा तीन इंच खाली घ्यायला सांग. सासूबाई तुझ्यापेक्षा ठेंगण्या, त्यांना उभं करूनच माप घ्या.

जेवणाचं टेबल मांडताना खुर्चीमागून वाढणाऱ्याला जायला तीन फूट लागतात. तेवढी जागा नसेल तर टेबल सहाऐवजी चौघांचं घे. सणावाराला पंगत हॉलमध्ये बसेल. आणि भिंत गेली की फोडणीचा ठसका थेट हॉलमध्ये येतो. चिमणीचा धूर पाइपाने बाहेर कुठे काढणार, याचं उत्तर नकाशातच हवं.

सिंकखालच्या कपाटांना आयएस ७१०चा शिक्का असलेलं प्लायवूडच लाव. हवं तर भवानी पेठेत टिंबर मार्केटला मी बरोबर येतो.

सुताराला आजच फोन करून सोमवार रद्द कर. सल्लागाराची फी जड वाटेल, पण कागदावरची भिंत खोडरबराने सरकते आणि बांधलेली हलवायला पुन्हा गवंडी, सुतार, प्लंबर तिघे लागतात. नकाशा हातात आला की घेऊन ये, आपण बसून बघू.

तुझा,
काका