रिसेट दाबण्याआधी

गाळप हंगामात एखादा पंप बंद पडला की साखर कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: किती वेळ? यार्डात ऊसगाड्यांची रांग असते, पॅन भरत आलेले असतात, केमिस्टचा फोन वाजत असतो. अशा वेळी ड्राईव्हच्या लाल दिव्यासमोर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनचं बोट आपोआप रिसेटकडे वळतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ नव्या पोरांना सगळ्यात आधी या बोटाबद्दलच बजावतात.

त्यामागे त्यांनी पाहिलेली एक रात्रपाळी आहे. मळीच्या पंपाचा ड्राईव्ह ट्रिप झाला. पडद्यावर 'अर्थ फॉल्ट' लिहिलेलं. पाळीवरच्या मुलानं रिसेट दिला, पंप फिरला, पुन्हा बंद. पुन्हा रिसेट. असं चार-पाचदा झालं आणि मग पॅनेलमधून स्फोटासारखा आवाज आला. ड्राईव्हचं आयजीबीटी मॉड्यूल उडालं होतं. सकाळी मोटरची टर्मिनल बॉक्स उघडली तेव्हा आत पाणी निघालं. फरशी धुताना पाइपचा फवारा बसलेला, आणि झाकणाची गॅस्केट कधीचीच गायब. मोटर सुकवून भागलं असतं, तिथं ड्राईव्हही गेला.

ड्राईव्हच्या आत काय चालतं हे समजलं की यातलं काही नवल वाटत नाही. येणाऱ्या एसीचा तो आधी डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि आयजीबीटी झपाट्यानं चालू-बंद करून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतो. मोटरच्या बाजूला शॉर्ट किंवा अर्थ असला तर आयजीबीटी मायक्रोसेकंदांत बंद होतात. पण दोष तसाच ठेवून दिलेला प्रत्येक रिसेट तोच झटका त्याच आयजीबीटीतून पुन्हा जाऊ देतो.

फॉल्ट कोड ड्राईव्हला काय सोसलं नाही एवढंच सांगतो. ते कुणामुळे, हे शोधणं माणसाचं काम. याचं उत्तम उदाहरण सेंट्रिफ्युगलवर मिळतं. तिथं 'ओव्हरव्होल्टेज' आलं की नवखा माणूस थेट पॉवर हाऊसला फोन लावून टर्बाइनवाल्यांना झापतो. फोरमन मात्र एवढंच विचारतात: ट्रिप कधी झालं? वेग घेताना, स्थिर फिरताना, की थांबताना? 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राईव्हची डीसी बस साधारण 585 व्होल्टवर असते. साखरेनं भरलेली जड बास्केट वेगात फिरत असताना ड्राईव्ह तिला आवरायला लागतो, तेव्हा मोटरच जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राईव्हमध्ये येते. बस चढत जाते आणि 800 ते 850 व्होल्टच्या आसपास बहुतेक ड्राईव्ह हात टेकतात. म्हणजे ट्रिप थांबतानाच होत असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर तुटलाय का, रीजनरेशनचं युनिट चालू आहे का, कुणी थांबण्याचा वेळ कमी करून ठेवलाय का, हे बघायचं. तोच कोड स्थिर वेगावर आला तर मात्र पुरवठ्याकडे वळावं. कपॅसिटर बँक लाइनवर येतानाचा झटकाही त्याला पुरतो.

फॉल्टइतकीच वॉर्निंग महत्त्वाची, पण तिला कुणी विचारत नाही, कारण मशीन चालूच असतं. एबीबी आणि सीमेन्सच्या बऱ्याच ड्राईव्हमध्ये ए अक्षरानं सुरू होणारा कोड म्हणजे इशारा आणि एफनं सुरू होणारा म्हणजे फॉल्ट. बगॅसची भुशी पॅनेलच्या फिल्टरवर बसते, पंख्याची हवा कमी पडते आणि हीटसिंकच्या तापमानाचा इशारा आधी फक्त भर दुपारी येऊ लागतो. तेव्हाच फिल्टर झटकला तर काम पाच मिनिटांचं.

ओव्हरलोडचंही तसंच. थंडीत मळी घट्ट होते, पंप जड चालतो. त्यात वेग कमी ठेवला तर मोटरच्या शाफ्टवरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. यावर ओव्हरलोडची सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या करंटपेक्षा वर नेऊन ठेवणारे महाभाग बऱ्याच कारखान्यांत सापडतात. त्यांची मोटर रिवाइंडिंगवाल्याकडेच पोचते.

मग रिसेटआधी करायचं काय? मोबाइल काढून पडद्याचा फोटो घ्यावा. बहुतेक ड्राईव्ह फॉल्टच्या क्षणाचा करंट, बस व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी नोंदवून ठेवतात. ते आकडे वहीत उतरवावेत. डॅनफॉसच्या ड्राईव्हमध्ये गंभीर दोषावर 'ट्रिप लॉक' लागतो आणि मेन सप्लाय बंद करून पुन्हा दिल्याशिवाय रिसेट होतच नाही. तो वेळखाऊ वाटला तरी मुद्दाम ठेवलेला आहे. ऑटो-रिसेटच्या मोहात मात्र पडू नये, गव्हाणीवर तर नाहीच. अडकलेला ऊस काढायला माणूस आत उतरलेला असताना कॅरियर आपोआप सुरू झाला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आत उतरण्याआधी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावलेलं हवं.

केबल आणि मोटर मेगरनं तपासायची तर ती ड्राईव्हपासून सोडवूनच. मेगरचे 500 किंवा 1000 व्होल्ट ड्राईव्हच्या टर्मिनलवर गेले तर आयजीबीटी तिथंच जाऊ शकतात. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ, लहान ड्राईव्हना सहसा 5 मिनिटं, थांबून डीसी बस मीटरनं मोजल्यावरच हात घालायचा.

त्या रात्री उडालेल्या ड्राईव्हच्या जागी बसवायला स्टोअरमध्ये एक नवाकोरा होता, पण खोक्यात वर्षाहून जास्त पडून राहिलेला. अशा ड्राईव्हचे कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटू शकतात; आधी व्होल्टेज हळूहळू चढवून त्यांना रिफॉर्म करावं लागतं. तेव्हापासून हंगाम संपल्यावर स्टोअरमधल्या स्पेअर ड्राईव्हना काही तास सप्लाय द्यायचा आणि तारीख खोक्यावर लिहायची, अशी सवय त्या कारखान्यात लागली आहे.