बीं आपोआप वाढतें
(शब्बाथ शाळेचा धडा. वाचावयाचा भाग : मार्क ४:२६-२९)

जव्हार व मोखाडा येथील डोंगरउतारावर नागली पिकविणाऱ्यांस हा दाखला फोडून सांगावा लागत नाहीं. पावसापूर्वीं राब भाजावा, बीं पेरावें, रोपें वीतभर झालीं कीं उपटून उतारावर लावावीं. एवढें शेतकऱ्याचें काम. दाण्यांतून अंकुर काढणें त्याच्या हातीं नाहीं. रोज माती उकरून पाहणारा बीं मात्र नासवितो.

विश्वासाचेंही असेंच आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधलीं वर्षें व्यर्थ गेलीं असें कोण म्हणेल? त्या अवधींत सोवळ्याओवळ्याची एकेक गांठ सुटत होती.

परंतु भरंवसा म्हणजे हात जोडून बसणें नव्हे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं. त्या मातांचा विश्वास उणा होता असें जो म्हणेल, त्याला हा दाखला मुळींच कळला नाहीं. मूल सुकूं लागलें तर प्रार्थना करावी, आणि त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें. पहिली गोष्ट दुसरीच्या आड येत नाहीं. पीक तयार होतांच तोच शेतकरी विळा घेऊन उठतो, हें २९ वें वचन पाहा.

वर्गांत विचारावें : दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबानें तेथें प्रार्थना कशी चालू ठेवावी? शिक्षकानें स्वतः उत्तर देऊं नये. जे जाऊन आले आहेत त्यांस बोलूं द्यावें.