आधी चासी नंबर, मग गाडी

कळंबला एक, येरमाळ्याला एक आणि तुळजापूरला एक, अशा तीन ‘डुक्कर फियाट’ धाराशिव जिल्ह्यात उरल्याचं मला गॅरेजवाल्यांनी ठामपणे सांगितलं होतं. आरसी बुकांच्या झेरॉक्स जुळवल्यावर कळलं की गाडी एकच आहे, रंग आणि मालक तेवढे बदलत गेलेत. म्हणून जुन्या गाड्यांची यादी करताना प्रत्येक नोंद चासी नंबरावरच करा. १९५६ पूर्वी इथं नोंदलेल्या गाडीच्या पहिल्या कागदावर हैदराबाद राज्याचं नाव असू शकतं, तेही तपासा.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५० च्या दशकात कुर्ल्याला ही गोलमटोल फियाट ११०० जुळवायला घेतली. तिची पुढची दारं मधल्या खांबाला टांगलेली, त्यामुळे उलटी उघडतात. नंतरच्या डिलाइट आणि पद्मिनी मॉडेलांची तशी नाहीत. इंजिन मात्र पद्मिनीतही १०८९ सीसीचंच होतं. त्यामुळे मूळ इंजिन गेलं की मिस्त्री पद्मिनीचं बसवून देतात. इंजिनाचा नंबर मूळ कागदाशी जुळत नसेल, तर तो बदल आरसीवर चढवलाय का ते बघा.

परंडा तालुक्यातल्या एका वाड्यात कडब्याआड अशी एक गाडी मी पाहिली होती. पत्रा शाबूत, काचा शाबूत. मूळ मालक वारल्यावर आरसी कुणी नावावर करून घेतली नाही. पुढे वारस वाढले, सह्या जमेनात, गिऱ्हाईक परत गेलं आणि गाडी किलोच्या भावाने भंगारात गेली. त्याची चुटपुट अजून लागते.

असं पुन्हा होऊ नये. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावबदलाचा अर्ज द्यायचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. तेव्हा डागडुजीला हात घालण्याआधी हा नियम वाचा.

कुणाच्या गोठ्यात अशी गाडी दिसली, तर किंमत विचारायची घाई करू नका. आरसी कुणाच्या नावावर आहे ते विचारा, आणि घरच्यांना जमत नसेल तर अर्ज भरायला शेजारी बसा.